कामाला नाव कोण देतं?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेच्या तिसऱ्याच कलमात लिंगावरून पगारात भेद करायचा नाही, असं म्हटलेलं आहे. या दोन घटनांनी समान वेतनाचा विषय पुन्हा लोकांच्या तोंडी आला हे चांगलंच झालं, पण वाद ज्या पद्धतीनं घातला जातोय ते बघवत नाही. एका बाजूचे म्हणतात, कायदा तर १९७६ पासून आहे, आता उरलंय काय? दुसऱ्या बाजूचे जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष तफावतीच्या अहवालात भारत १४८ देशांत १३१ वा आला, एवढा एकच आकडा पुढे करतात. त्या अहवालातला ‘सारख्या कामाला सारखं वेतन’ हा घटक पगारपत्रकांवरून काढलेला नसतो, कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारलेल्या मतांवरून काढलेला असतो, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. दोन्ही बाजू एकच चित्र मनात धरून भांडतात: एकच खुर्ची, एकच काम, त्यावर एक पुरुष आणि एक बाई, आणि दोघांच्या पगारात फरक.

असा फरक मुंबईत आजही सापडतो, आणि तो बेकायदाच आहे. पण बायकांच्या हातात कमी पैसे पडण्याचं मोठं कारण दुसरीकडे आहे. त्या जे काम करतात त्याला वेगळं नाव मिळतं, ते वेगळ्या श्रेणीत टाकलं जातं, आणि मग त्या श्रेणीचा भाव कमी ठेवला जातो. पगार ठरण्याच्या कितीतरी आधी कामाचं नाव ठरतं. समान वेतनाची लढाई तिथे लढली नाही, तर पुढचे सगळे कायदे कोरडेच राहणार.

आधी क्रिकेटचं बघू, कारण सध्या प्रत्येक वाद तिथूनच सुरू होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयनं महिला आणि पुरुष खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. पाऊल मोलाचं होतं. पण त्याच वेळी वार्षिक करारात पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची होती आणि महिलांची ५० लाखांची. शिवाय महिलांच्या वाट्याला वर्षाकाठी सामनेच कमी. दर सारखा झाला, तरी किती सामने ठेवायचे आणि कोणती श्रेणी द्यायची हे ठरवणारा हात तोच राहिला. यावर जे म्हणतात की पुरुषांचं क्रिकेट प्रक्षेपणातून जास्त पैसा आणतं, त्यांचं म्हणणं खोडून काढायची मला गरज वाटत नाही. खेळाडूची कमाई प्रेक्षकसंख्येशी बांधलेली असते, हे खरंच आहे. चूक होते ती हाच मापदंड घेऊन अंधेरीच्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाईला मोजायला निघण्यात. तिच्या ताळेबंदाची तिकीटविक्री होत नाही. तिची आणि शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाची वही एकच असते, जीएसटीचं विवरण भरायची तारीखही एकच असते. क्रिकेट हा अपवादात्मक धंदा आहे, आणि अपवादावरून नियम काढला की वाद भरकटतो.

नियम कसा चालतो हे पाहायचं तर बॅलार्ड इस्टेटकडे जावं लागेल. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजवाहतुकीतल्या जुन्या कंपनीत स्टेनोग्राफर दोन प्रकारचे होते. पुरुष होते ते नुसते स्टेनोग्राफर. बायका होत्या त्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’, वरिष्ठ अधिकाऱ्यांना नेमून दिलेल्या. नाव ऐकून वाटेल की गोपनीय काम सांभाळणारीला जास्त मिळत असेल. प्रत्यक्षात कमी मिळत होतं. ऑड्री डी’कोस्टा यांची नोकरी जून १९७७ मध्ये संपवण्यात आली, त्यांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची मागणी केली, आणि निकाल सर्वोच्च न्यायालयातून १९८७ मध्ये आला. कंपनीचे मुद्दे आजच्या कुठल्याही चर्चेत शोभतील असे होते: दोन्ही कामं वेगळी आहेत, वेतनश्रेणी युनियनशी झालेल्या करारातून आलेली आहे, आणि कंपनीची आर्थिक स्थिती हा बोजा सोसण्याजोगी नाही. न्यायालयानं तिन्ही नाकारले. कामातला किरकोळ फरक म्हणजे वेगळं काम नव्हे. करारात सही आहे म्हणून भेद कायदेशीर होत नाही. आणि कायदा लागू होणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. बारकाईनं पाहिलं तर त्या खटल्याचा सगळा पीळ ‘लेडी’ या एका शब्दात होता. तो शब्द पदनामात घातला आणि वेगळी श्रेणी तयार झाली.

याच शहरातला दुसरा खटला माझ्या बाजूचा नाही, म्हणून तोही सांगितला पाहिजे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिशीला, किंवा पहिल्या गरोदरपणात, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्यास घरी बसावं लागे. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, स्त्रीत्वाचा अपमान म्हणून. पण त्याच निकालात हवाई सुंदरी आणि असिस्टंट फ्लाइट पर्सर (विमानातले पुरुष कर्मचारी) हे वेगळे संवर्ग आहेत, तेव्हा त्यांची तुलना होऊ शकत नाही, असंही मान्य केलं. एकाच विमानात, एकाच प्रवाशापुढे जेवणाची ट्रॉली ढकलणारी दोन माणसं. एकाचं पदनाम वेगळं, भरतीचे नियम वेगळे, बढतीची शिडी वेगळी, म्हणून सेवाशर्तीही वेगळ्या. संवर्ग वेगळे होते हे खरं. पण ते वेगळे केले कोणी?

हा काही आपल्याच देशाचा दोष नाही. इंग्लंडमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात १९६८ च्या जूनमध्ये १८७ बायकांनी संप केला. त्या मोटारीच्या सीटची कव्हरं शिवत. या संपामुळे १९७० चा समान वेतन कायदा झाला, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांची मूळ तक्रार काय होती हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. ती श्रेणीची होती. त्यांचं शिवणकाम ‘ब’ श्रेणीत, म्हणजे कमी कौशल्याचं, असं टाकलेलं होतं. ‘क’ श्रेणीचं, जास्त कौशल्याचं म्हणून नव्हे. भरतीच्या वेळी मात्र शिवणाची चाचणी घेऊनच कामावर घेत असत. संपानंतर दर वाढला, कायदाही आला, पण ‘क’ श्रेणी मिळायला १९८४ उजाडलं आणि दुसरा संप करावा लागला. पगार वाढवून घेणं सोपं होतं. ‘हे काम कुशल आहे’ हे चार शब्द कागदावर आणायला सोळा वर्षं गेली.

आपल्याकडे तो कागद कसा तयार होतो? सकाळी साडेसात-आठला मुंबईतल्या कुठल्याही मजूर नाक्यावर उभं राहून पाहावं. मुकादम येतो, भाव तीन असतात: मिस्त्री, बिगारी, बाई. ‘बाई’ हीसुद्धा इथे मजुरीची श्रेणी आहे. साइटवर ती रेती चाळते, माल कालवते, घमेली वर चढवते. माल कालवणं म्हणजे नुसती मेहनत नव्हे. विटकामाला सिमेंट-रेती एकास सहा, प्लास्टरला एकास चार. पाणी जास्त झालं तर भिंतीला तडे जातात, कमी झालं तर माल थापीला धरत नाही. आणि पाणी घातलेला माल पडून राहिला तर वाया जातो, म्हणून मिस्त्रीच्या हाताच्या वेगाप्रमाणे थोडा थोडा कालवावा लागतो. हे सगळं तिला येतं. तिच्याबरोबर लागलेला बिगारी पोरगा पाच-सात वर्षांत थापी हातात घेतो आणि मिस्त्री होतो. वीस वर्षं माल कालवलेली बाई ‘बाई’च राहते, कारण थापी तिच्या हातात द्यायची नाही हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. आता या नाक्यावर समान वेतन कायदा लावा. मिस्त्रीचं काम आणि तिचं काम ‘एकच’ नाही, सबब कायद्याचा भंग नाही.

कपड्यांच्या गाळ्यांत हेच जरा वेगळ्या रूपात दिसतं. मशीनवर बसलेला तो कारागीर, नगावर पैसे घेणारा. खाली बसून शिवलेले नग तपासणाऱ्या बायका हेल्पर, हजेरीवर. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचनांत प्रत्येक उद्योगासाठी कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आणि परिमंडळं ठरलेली असतात, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. मालक म्हणेल, मी तर किमान वेतनाचा कागद जसाच्या तसा पाळतो. पाळतही असेल. पण तपासणी करणारीला अकुशलच्या पायरीवर बसवलं, की पुढचा सगळा कागद अचूक असूनही अन्याय जिथल्या तिथे राहतो.

याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: पुरुषाचं कौशल्य शिकून आलेलं असतं, बाईचं उपजत असतं. जे उपजत त्याचे पैसे कसले? गिरणगावात वाइंडिंग आणि रीलिंग ही बायकांची खाती होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत साधारण दर पाचात एक बाई होती, आणि त्यातल्या बहुतेक या खात्यांत. त्रासन (सूतकताईच्या) खात्यातून आलेलं बॉबिनवरचं सूत वाइंडिंगमध्ये चढवायचं, तुटलं की चटकन गाठ मारायची. गाठ जाड राहिली तर तोच धागा पुढे साच्यावर (मागावर) पुन्हा तुटतो, साचा थांबतो आणि विणकराची कमाई बुडते. म्हणजे विणकराचा पगार वाइंडिंगवालीच्या गाठीवर टांगलेला. तरी विणकर कुशल, आणि ती ‘नाजूक बोटांची’. परिचारिकेची दक्षता, स्वागतकक्षातल्या मुलीचा संयम, घरी येऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारीचा हातखंडा, या सगळ्यांना आजही स्वभावाच्या खात्यात टाकलं जातं, कौशल्याच्या नाही. आशा सेविकेला तर पगार हा शब्दच मिळालेला नाही. तिला मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. गरोदर बाईची नोंद, लसीकरणाची यादी, घरोघरी सर्वेक्षण हे सगळं करून ती कागदोपत्री ‘स्वयंसेविका’. ‘मान’ आणि ‘धन’ हे दोन शब्द जोडून सरकारनं किमान वेतनाची जबाबदारी टाळली आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये निकाल देऊन सांगावं लागलं. तोवर त्यांच्या मानधनाला वेतन म्हणायचीही तयारी नव्हती.

किमान वेतनाच्या सूत्रातही अशीच एक समजूत आहे, आणि ती तिथे चांगल्या हेतूनं शिरली. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं गरजेवर आधारलेल्या वेतनाचं सूत्र दिलं: एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकक, प्रौढाला रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. पुरुष एक एकक, बाई ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. आणि बायकामुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, असं स्पष्ट लिहिलं. हेतू कामगाराच्या फायद्याचा होता, कारण घरातल्या सगळ्यांच्या मजुरीची बेरीज दाखवून मालकानं त्याचा दर पाडू नये. ते मला मान्य आहे. पण त्यातून एक चित्र पक्कं झालं, की कमावता म्हणजे पुरुष आणि बाईची कमाई म्हणजे वरखर्चाला हातभार. आजही पगारवाढीच्या बैठकीत ‘तिच्या नवऱ्याची नोकरी चांगली आहे’ हे वाक्य उच्चारलं जातं तेव्हा ते १९५७ चंच सूत्र बोलत असतं. कुठल्या पुरुषाची वाढ ठरवताना त्याच्या बायकोचा पगार विचारला जातो?

आता विरुद्ध बाजूचे खरे मुद्दे घेऊ. पहिला: सरासरी पगारातला फरक म्हणजे भेदभाव नव्हे, कारण क्षेत्र, तास, अनुभव यांत फरक असतो. हे बरोबर आहे, आणि सरसकट सरासरी घेऊन आरोळी ठोकणाऱ्यांनी आपलंच नुकसान केलं आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यातला एक भाग हाच होता: अलीकडच्या काळात फरकाचा मोठा हिस्सा एकाच व्यवसायात, पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उघडतो. जी कामं केव्हाही हजर राहणाऱ्याला अवाच्या सवा जास्त पैसे देतात, तिथे तो सर्वांत रुंद असतो. मुंबईत हे कोणाला समजावून सांगायला नको. रात्री साडेनऊची ‘क्लायंट कॉल’ची वेळ स्वीकारणारा वर जातो, डोंबिवलीची गाडी पकडून पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं असलेली मागे राहते. निवड तिची आहे, म्हणा. पण घरी मूल दोघांचं आणि निवड एकीचीच, असं का? आणि तो साडेनऊचा कॉल खरोखर सकाळी साडेदहाला होऊ शकत नव्हता का, हे कधी कोणी तपासलं? नसेल तर ती कामाची गरज नव्हे, कामाची सवय आहे, आणि त्या सवयीचे पैसे दिले जाताहेत.

दुसरा मुद्दा सर्वांत वजनदार: बाळंतपणाची रजा. २०१७ च्या दुरुस्तीनं ती २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) बाहेरच्या कर्मचारी बाईचा सगळा रजेचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. बारा माणसांच्या ऑफिसात ४०,००० पगाराची एक बाई रजेवर गेली तर २,४०,००० रुपये काम न होता द्यायचे, शिवाय बदली माणूस ठेवायचा. मालक भरतीच्या वेळीच कचरतो. ही भीती खोटी आहे असं म्हणणारे लहान धंदा चालवत नाहीत. इतिहासही मालकांच्या बाजूचा आहे. मुंबई प्रांतात १९२९ साली देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला, भार गिरणीमालकांवर टाकला गेला. पुढे पाळ्या वाढल्या, बायकांना रात्रपाळीची बंदी होती, वाइंडिंगला वेगवान यंत्रं आली, आणि या सगळ्याच्या कात्रीत गिरणीतल्या बायका कमी कमी होत गेल्या. संरक्षणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला की तो संरक्षितालाच दाराबाहेर ठेवतो.

पण यातून निघतं काय? बाईला कमी पगार द्यावा, असं नक्कीच नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी म्हटलं होतं, की लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुख्यतः सरकारची आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा. जवळपास शंभर वर्षं झाली, आपण अजून तिथे पोचलेलो नाही. रस्ता मात्र आपल्याच घरात आहे. ईएसआयमध्ये मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतो, मग कर्मचारी पुरुष असो की बाई, आणि बाळंतपणाचा लाभ त्या निधीतून येतो. त्यामुळे बाई ठेवल्यानं मालकाचा खर्च एका पैशानंही वाढत नाही. अडचण एवढीच की वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे, आणि ती २०१७ पासून हललेली नाही. निव्वळ प्रसूती लाभापुरता असाच निधी वरच्या पगारांना लावा. वरच्याच बारा माणसांच्या ऑफिसचं पगारबिल महिना ५ लाख धरलं, तर एक टक्का म्हणजे वर्षाला ६०,०००. चार वर्षांत २,४०,०००. दर चार वर्षांनी एक बाळंतपण त्यात पुरतं, तेही कुणाला बोजा न वाटता. याच्या जोडीला वडिलांनाही घेता येईल आणि घ्यावीच लागेल अशी रजा आली, की ‘ही रजेवर जाईल’ ही शंका मुलाखतीत फक्त मुलीवर येणार नाही.

समान दर दिला की बायकांना कोणी कामच देणार नाही, हाही धाक घातला जातो. महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू केली तेव्हा मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर होती, खोदणारा कोण यावर नव्हती. बायका प्रचंड संख्येनं आल्या. पुढे मनरेगात तर निम्म्याहून जास्त मनुष्यदिवस बायकांचे होते. मोजमाप कामाचं असलं की बाईला काम मिळतं. नाक्यावर मोजमाप माणसाचं होतं.

तिसरा मुद्दा: कायदा आहे, ज्याला तक्रार असेल त्यानं करावी. पण तक्रार करायला दुसऱ्याचा पगार माहीत लागतो. खासगी कंपन्यांत नेमणूकपत्रातच पगार गुप्त ठेवायची अट असते. शिवाय तुलना कशाची करायची हे कायद्यानंच अरुंद ठेवलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा शंभरावा करार ‘समान मूल्याच्या कामाला समान वेतन’ म्हणतो. भारतानं तो १९५८ साली स्वीकारला. आपला १९७६ चा कायदा मात्र ‘तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम’ म्हणाला आणि वेतन संहिताही तेच म्हणते. म्हणजे तपासणी करणारीची तुलना कारागिराशी, परिचारिकेची तंत्रज्ञाशी होऊच शकत नाही. उलट संहितेनं कौशल्य, मेहनत, जबाबदारी या जुन्या तीन कसोट्यांत ‘अनुभव’ हा चौथा शब्द घातला. बाळासाठी दोन वर्षं थांबलेल्या बाईचा अनुभव दोन वर्षांनी कमीच असणार. जुन्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनं बढती, प्रशिक्षण, बदली हे शब्द स्पष्ट आले होते. संहितेत ‘नोकरीच्या अटी’ एवढा मोघम उल्लेख उरला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ते शब्द आहेत, म्हणून इथल्या बायकांनी आधी तोच कायदा काढून दाखवावा.

पगाराच्या व्याख्येतही एक फट आहे. समान वेतन तपासताना प्रवासभत्ता, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम आणि निवाड्यानुसार मिळालेली रक्कम हे धरायचं, असं संहिता म्हणते. चांगलं आहे, भत्त्यांत फरक लपवायची जुनी युक्ती त्यानं बंद होईल. पण कमिशन त्या यादीत नाही. विमा, बँकिंग, घरविक्री अशा धंद्यांत कमाईचा मोठा तुकडा तिथूनच येतो, आणि मोठे ग्राहक कोणाच्या वाट्याला द्यायचे हे साहेब ठरवतो.

सर्वांत साधा दोष मात्र भरतीच्या पहिल्या दिवशी घडतो: ‘आधीचा पगार किती?’ समजा दोघं एकाच दिवशी लागले, त्याला ३०,००० आणि तिला २७,०००, कारण तिच्या आधीच्या ठिकाणी तेवढंच होतं. दोघांना वर्षाला आठ टक्के वाढ मिळत गेली तर दहा वर्षांनी तो सुमारे ६४,७७० वर आणि ती ५८,२९० वर. एकदाही भेदभाव न करता तीन हजारांचा फरक साडेसहा हजारांचा झाला. मधल्या एका वर्षी ती सहा महिने रजेवर होती म्हणून त्या वर्षाची वाढ शून्य धरली, तर ती ५३,९७० वर राहते आणि दरमहा फरक १०,८०० होतो. मूळ वेतन निम्मं धरलं, तर दहा वर्षांच्या ग्रॅच्युइटीत आणखी ३१,००० चा खड्डा. या सगळ्यात वाईट हेतूचा माणूस कुठेही नाही. म्हणूनच हेतू शोधणारी चर्चा व्यर्थ जाते. आधीचा पगार विचारायचाच नाही आणि पदाचा पट्टा जाहिरातीतच छापायचा, या दोन नियमांनी निदान सुरुवातीची फट बुजते.

आकडे उघड करण्याचा अर्धा मार्ग बीकेसीतल्या सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनं, काढून दिलाच आहे. बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात स्त्री-पुरुषांच्या पगाराचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा, द्यावा लागतो. तो वाचताना सावध राहायला हवं. कंपनीचा कारखाना पुरुषांनी भरलेला आणि बायका थोड्या, त्याही मुंबईच्या मुख्यालयात, असं असेल तर बायकांचा मध्यक पुरुषांच्या वर निघतो आणि कंपनी छाती फुगवते. हाच आकडा श्रेणीनिहाय मागितला तर खरं दिसेल: प्रत्येक श्रेणीत स्थिर पगाराचा मध्यक, वेगळा व्हेरिएबलचा (कामगिरीनुसार बदलणाऱ्या पगाराचा), एका श्रेणीतून दुसरीत जायला लागलेली वर्षं, आणि प्रसूतीच्या वर्षात मिळालेलं अप्रेझलचं रेटिंग. ही चार पत्रकं एचआरच्या प्रणालीत आधीच पडून असतात. काढायला दुपार पुरते.

पण श्रेणीच चुकीची असेल तर श्रेणीनिहाय आकडाही फसवतो, म्हणून शेवटी पदांच्या वर्णनाकडे यावंच लागतं. १९७६ च्या नियमांखाली ‘नमुना डी’ नावाची एक नोंदवही होती. रकाने असे: कामगारांचा वर्ग, कामाचं थोडक्यात वर्णन, पुरुष किती, बायका किती, दर काय, आणि मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे असे घटक. नव्या नियमांत अशी नोंदवही राहावी, ती कामाच्या जागी लावलेली असावी, आणि त्यातला दुसरा रकाना मालकाच्या कारकुनानं न भरता काम करणारीला विचारून भरला जावा. आजवर गाळ्यातल्या हेल्परपुढे तिथे ‘किरकोळ मदत’ एवढंच लिहिलं जाई. तिला विचारलं तर ती सांगेल: शिवलेल्या नगाचे धागे कापणं, शिवण सुटली आहे का ते उलटून पाहणं, छातीचं आणि बाहीचं माप पट्टीनं ताडणं, दोन बाह्यांच्या रंगाची छटा उजेडात धरून जुळवणं, डाग असेल तर काढणं, नापास नग कोणत्या मशीनवरून आला ते ओळखून त्याच कारागिराकडे परत पाठवणं, आणि दिवसभरात पास-नापास किती झाले त्याची वही ठेवणं. एवढं लिहून झालं, की डावीकडच्या रकान्यात ‘हेल्पर’ लिहिता येत नाही.